तोंड बघून उधारी, तोंड बघून मत?

पत्र:

बाई, नमस्कार. माझं नाव-गाव छापू नका, सीमाभाग तो केवढा, सगळे एकमेकांना ओळखतात. गावात आमचं किराणा दुकान आहे. बावीस वर्षं गल्ल्यावर मीच बसते. आमच्या भागात एक तरुण पुढारी आहे. गेल्या विधानसभेला उभा होता, पडला. पुढच्या वेळी पुन्हा उभा राहणार हे नक्की. दिसायला देखणा, सदा हसतमुख, बोलणं तर ऐकत राहावं असं. गणपतीत घरी आला तेव्हा सासूबाईंच्या पाया पडला, खाली चटईवर बसला, मोदक मागून खाल्ला. ‘आजी, मी तुमचा नातूच’ म्हणाला. तेव्हापासून त्याच्या फोटोचं कॅलेंडर आमच्या देवघराशेजारी आहे. खोटं कशाला सांगू, मलाही तो आवडतो. मुलगी बेळगावात कॉलेजला आहे. ती म्हणाली, ‘आई, त्यानं केलेलं एक काम सांग.’ मला सांगता आलं नाही. मी चिडले. मालक म्हणाले, ‘तुझी आई तोंड बघून उधारी देते, बावीस वर्षांत तिचे पैसे बुडाले नाहीत. तिला माणूस कळतो.’ त्यावरून घरात रोज वाद. मुलगी नीट बोलत नाही. बाई, माणूस तोंडावरून खरंच कळत नाही का?

— एक दुकानदारीण

ताई,

‘मला सांगता आलं नाही. मी चिडले.’ ही दोन वाक्यं तुम्ही लिहिली नसती तरी चाललं असतं. लिहिलीत, म्हणून मीही तुमच्याशी आडपडदा न ठेवता बोलते.

आधी मालकांच्या बोलण्याकडे येऊ, कारण त्यात खरंच काहीतरी आहे. तुम्हाला माणूस कळतो. बावीस वर्षं उधारीचा धंदा करून जिचे पैसे बुडले नाहीत, तिला माणूस कळत नाही असं कोण म्हणेल? पण तो तोंडावरून कळतो का, ते जरा बघू. आमच्या शाळेसमोर एक मावशी दुकान चालवायच्या. लाल पुठ्ठ्याची लांबट वही, तिला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की मावशी मान वर करून त्याच्याकडे बघायच्या आणि ‘ने’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणायच्या. वही उघडायच्यासुद्धा नाहीत. मला वाटायचं, काय ही नजर! पुढे लक्षात आलं की वही त्यांच्या डोक्यात होती. हा ऊसबिल आल्यावर देतो म्हणाला होता आणि बिल आल्या दिवशी दिलं. त्याच्या बापानं आजारपणात चार महिने थकवलं, पण पैन्‌पै फेडलं. तिसऱ्यानं दर वेळी नवी सबब सांगितली. माणूस समोर आला की त्याचं पान उघडत होतं.

तुमचंही तेच आहे, ताई. तुम्ही तोंड बघता, पण आठवतं ते पान. एखादा परगावचा माणूस, कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड, मोटारीतून उतरला आणि म्हणाला, ‘अक्का, पंधरा किलोचा तेलाचा डबा द्या, पैसे सोमवारी.’ द्याल? मला खात्री आहे, तुम्ही हसून म्हणाल, ‘आज रोखीनं न्या, ओळख झाली की बघू.’ तुमच्या नजरेची खरी हुशारी ती. मग ज्याचं एकही पान तुमच्याकडे नाही, त्या पोराला तुम्ही तेलाच्या डब्याच्या कैक पट मोठी उधारी द्यायला कशा तयार झालात? रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा, पाच वर्षांची उधारी. आणि मध्ये वसुलीला जाता येत नाही.

यात तुमची एकटीची चूक नाही. मी स्वतः यात पुरती फसले आहे आणि त्याची सल अजून आहे.

मी मराठी प्राथमिक शाळेत होते. शाळेचं नाव घेत नाही, त्या माणसाचंही नाही. आमच्या बाजूचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, मृगाला कौलांवर बसला की गणपतीपर्यंत उठत नाही. दोन वर्गांचं छप्पर गेलेलं. एका पंधरा ऑगस्टला तो आला. उंच, गोरापान, पांढरा शर्ट. भाषण झाल्यावर निघून जायचं सोडून चौथीच्या वर्गात गेला, पोरांच्या बाकावर बसला. एका पोराचं नाक वाहत होतं, ते त्यानं खिशातला स्वतःचा रुमाल काढून पुसलं आणि रुमाल पुन्हा खिशात ठेवला. मी दारात उभी होते. मला भरून आलं. ‘बाई, पुढच्या पावसाच्या आत छप्पर’ म्हणाला. आम्ही बायकांनी औक्षण केलं. त्या रुमालाची गोष्ट मी पुढची दोन वर्षं हळदीकुंकवात, लग्नात, एसटीत, भेटेल त्याला सांगितली. माझ्या शब्दावर किती जणांनी मत दिलं असेल, देव जाणे.

दोन पावसाळे चौथीचा वर्ग व्हरांड्यात भरला. वाऱ्यानं झड आत यायची, पोरं दप्तरं पोटाशी धरून बसायची. त्या दोन वर्षांत अकरा पोरं दाखले काढून गेली. मराठी शाळेची अकरा पोरं, आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहे.

तिसऱ्या वर्षी दुसऱ्याच कामाला तालुक्याच्या कचेरीत गेले होते. सहज छपराची फाइल विचारली. कारकून भला होता, त्यानं काढून दाखवली. त्या देखण्या माणसाच्या नावचा एक कागद त्यात नव्हता. साधा अर्जसुद्धा नाही. होती ती पाच पत्रं, कन्नडमध्ये लिहिलेली, आमच्याच पंचायतीतल्या एका सदस्याची. हा माणूस इतका अबोल की गावात त्याला ‘मुका’ म्हणायचे. बोलताना समोरच्याकडे बघायचाही नाही. शाळेत दोन-तीनदा येऊन गेला होता, छपराखाली उभा राहून वर बघायचा आणि जायचा. मी त्याला कधी चहासुद्धा विचारला नव्हता. छप्पर झालं ते त्या पाच पत्रांवर. उद्घाटनाची फीत मात्र रुमालवाल्यानं कापली. त्या फोटोत मी त्याच्या शेजारी ताम्हन घेऊन उभी आहे. मुका माणूस फोटोत नाही.

आता यावरून ‘हसरा तो लबाड आणि घुमा तो प्रामाणिक’ असं काही मनात धरू नका. तीही तोंड बघूनच केलेली निवड होईल, फक्त उलट्या बाजूनं. घुमे, फाटक्या चपलांचे लबाडही मी पाहिले आहेत. आणि तुमचा तो पोरगा खरंच भला असू शकतो. तो कसा आहे हे मला माहीत नाही. पण ताई, तुम्हालाही माहीत नाही.

मनाची ही सवय सगळीकडे सारखीच. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना अनोळखी माणसांच्या फोटोंच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, बोटीतून लांबच्या प्रवासाला जायचंय, यातला कप्तान कोणाला कराल? ते फोटो होते २००२ च्या फ्रान्समधल्या संसदीय निवडणुकीतल्या उमेदवारांचे. मुलांनी नुसत्या तोंडावरून निवडलेला ‘कप्तान’ दहापैकी सुमारे सात वेळा तोच निघाला, जो प्रत्यक्ष निवडणूक जिंकला होता. मोठ्या माणसांना फोटो दाखवले, त्यांचंही तेच. त्याआधी, २००५ मध्ये, अमेरिकेतल्या सिनेटच्या उमेदवारांवर असाच अभ्यास झाला होता. तिथे तर फोटो सेकंदभर दाखवून ‘यातला कर्तबगार कोण वाटतो’ एवढंच विचारलं होतं. तिथेही दहापैकी सातच्या आसपास. म्हणजे शिकलेसवरलेले, पेपर वाचणारे, टीव्हीवर चर्चा ऐकणारे लोक मतदानाला जातात आणि शाळकरी पोरांनी बोटीसाठी निवडावा तसा माणूस निवडतात. लेकीला हे सांगा, म्हणजे आपली आई अडाणी म्हणून भुलली असं तिला वाटायचं नाही.

आणि बूथमध्ये तरी काय दिसतं? २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो. सारख्या नावांचे उमेदवार उभे करून लोकांना फसवायची युक्ती चालायची, तिच्यावर उपाय म्हणून तो आला, आणि उपाय चांगलाच आहे. २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं ठरवलं की फोटो रंगीत असावा आणि त्यातली तीन चतुर्थांश जागा चेहऱ्याची असावी. ओळखायला सोपं, खरं आहे. पण बोट बटणाकडे जाताना शेवटची नजर पडते ती त्या हसऱ्या चेहऱ्यावर. म्हणून जे ठरवायचं ते घरून ठरवून जावं लागतं. आपल्या बेळगावनं कधीकाळी याच्या अगदी दुसऱ्या टोकाची निवडणूकही बघितली आहे. १९९६ च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधायला इथून ४५६ उमेदवार उभे होते. त्या यादीत कोण देखणं आणि कोण नाही, हे बघायला कुणाला सुचलंही नसेल. माणसं प्रश्नासाठी उभी होती.

यावरून आपल्या भागाचं एक दुखणं सांगते, जे पुण्या-साताऱ्याच्या माणसाला नीट कळणार नाही. त्यांच्याकडे नुसतं रूप बघतात. आपल्याकडे रूपात भाषाही येते. १९५६ पासून आपण या राज्यात, आजच्या कर्नाटकात, आहोत. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्यालाही दोन दशकं उलटली. कचेरीत गेलं की समोर कन्नड कागद येतो आणि आपण चोरासारखे इकडेतिकडे बघतो, वाचून देणारा कुणी भेटतो का म्हणून. असं आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी डोक्याला फेटा बांधून, ठसक्यात मराठी बोलत, ‘जय शिवराय’ म्हणत दारात आला की पाझर फुटतो. फुटणारच. १ नोव्हेंबरच्या, काळ्या दिनाच्या सायकल फेरीत पुढच्या रांगेत दिसला की आपण म्हणतो, आपलाच. तिकडचा कन्नड पुढारी दोन वाक्यं शिकून येतो, ‘कसं काय मावशी, जेवण झालं काय?’, आणि आपण गल्लीभर सांगत सुटतो, बघा किती चांगलं मराठी बोलला गे!

फेटा श्रद्धेनं बांधणारे आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण फेटा वेश म्हणूनही बांधता येतो, आणि दोन्ही फेटे लांबून सारखेच दिसतात. फरक कळतो तो कागदावर. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं धोरण आहे. तुमच्या त्या पुढाऱ्यानं मराठीत परिपत्रकं मिळावीत म्हणून कुणाला, कधी, काय लिहून दिलं? त्याची पोच आहे का? बेळगावच्या शहापूर-वडगावकडच्या शेतकऱ्यांना विचारा, बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरलं की बांधावर उभं राहून फोटो काढून घेणारे किती येतात, आणि पाणी ओसरल्यावर भरपाईच्या यादीत नावं आली का ते बघायला कितीजण परत येतात.

आपल्या वडीलधाऱ्यांनी एकदा फार नेमकं ओळखलं होतं. १९८१ साली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी आंदोलन उभं राहिलं, शेतकरी हमरस्त्यावर दिवसच्या दिवस बसले, गोळीबारात माणसं गेली. शरद जोशी तेव्हा नेते होते. बाहेरगावचा, संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीतून आलेला, शहरी कपड्यांतला माणूस. शेतकऱ्यांचा पुढारी म्हणून जे चित्र डोळ्यांपुढे येतं त्यात न बसणारा. पण तंबाखू पिकवायला खर्च किती येतो आणि हातात पडतं किती, हा हिशोब त्यांनी मांडला आणि तो शेतकऱ्याच्या घरच्या हिशोबाशी जुळला. लोक त्यावर बसले रस्त्यावर.

तर तुमच्या त्या पोराच्या पानाचं बघू. तो गेल्या विधानसभेला उभा होता म्हणता, मग काम सोपं आहे. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. लेकीला मोबाइलवर काढायला सांगा. कन्नडमध्ये असेल तर तिनं वाचून दाखवावं, शाळेत शिकलेलं कन्नड इथे कामाला येईल. तुम्ही दुकानदार आहात, तो कागद तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. त्यात गेल्या पाच वर्षांचं उत्पन्न असतं, बायकोच्या नावचंही. जमीन, दागिने, गाड्या. मग देणी, बँकेची आणि सरकारची. हा भाग सावकाश वाचा, दुसऱ्याचं देणं तो कसं ठेवतो ते तिथे दिसतं. उत्पन्न कशातून येतं आणि सरकारी ठेके आहेत का, हेही लिहावं लागतं. रस्त्याचा ठेका त्याच्याच घरात असेल तर रस्ता खराब झाल्यावर तो कुणाकडे तक्रार करणार आहे? तो पुन्हा उभा राहिला की नवं प्रतिज्ञापत्र येईल, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघा.

गुन्ह्यांचा रकाना बघताना मात्र घाई नको. आपल्या भागात आंदोलनाच्या केसेस खूप माणसांवर आहेत, मोर्चा काढला, जमावबंदी मोडली, फलक लावला. मी त्यांना दोष देणार नाही. फसवणूक, धमकी, जमीन बळकावणं, बाईवर हात टाकणं ही कलमं वेगळी. कलमाचे आकडे लिहून घ्या आणि ओळखीच्या वकिलाला विचारा.

आणि तो म्हणतो ती कामं. ‘आम्ही केलं’ असं डिजिटल फलकावर लिहायला पैसे फक्त छपाईचे लागतात. पंचायतीतलं काम असेल तर ग्रामसभेत उठून पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विचारा, निधी कुठून आला, मागणी कुणी केली. उत्तर टाळलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. मी हे आधी केलं असतं तर चौथीचा वर्ग कदाचित एक पावसाळा कमी भिजला असता.

राहता राहिलं घर. सासूबाईंचं कॅलेंडर काढायला जाऊ नका. त्या वयाला कुणीतरी पाया पडून ‘आजी’ म्हटलं, पाच मिनिटं जवळ बसलं, याचं सुख खोटं नाही. तेवढं सुख घरच्यांकडूनही मिळतंय ना, एवढं बघा. मालकांना सांगा, तुमचं बोलणं मी बाईंना कळवलं आणि बाईंनी माझ्या हिशोबाचं कौतुक केलं. ते खरंच आहे.

लेकीशी मात्र आज रात्रीच बोला. तिचा प्रश्न बरोबर होता, विचारण्याची रीत चुकली असेल. चिडल्याबद्दल तुम्ही दोन शब्द बोललात तर तीही बोलेल. मग दुकानाच्या वहीतलं एक कोरं पान काढा, वर त्या पोराचं नाव लिहा आणि मधोमध रेघ मारा. जमेच्या बाजूला आधी लिहा, कारण रागात ऐनवेळी आठवत नाही, पण एखादं काम असेलही. कुणाचा गृहलक्ष्मी योजनेचा अर्ज अडला होता तो त्यानं सोडवला असेल, कुणाला रात्री दवाखान्यात नेलं असेल. ज्यांचं काम झालं त्यांना विचारून खात्री करा आणि लिहा. मग नावे बाजू. दिलेला शब्द, त्याची तारीख, आणि पुढे काय झालं. तुम्ही सांगा, लेकीला लिहू द्या. तिचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं असेल.

पुढच्या गणपतीत तो पुन्हा येईल. मोदक द्या, चटई अंथरा, आणि पान त्याच्यापुढे ठेवा. तो काय म्हणाला ते मला कळवा.

तुमची,
बाई